लुगडं एकदाच नेसवा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



जेवणात आमरस होता आणि त्यानंतर माझं भाषण ठेवलंय. ज्यांनी कार्यक्रमपत्रिका आखली त्यांना मी चांगली ओळखते, त्यांच्याशी नंतर बोलेन. ज्यांना डुलकी येईल त्यांनी खुशाल घ्यावी. बाईंच्या तासाला ती सोय नव्हती, माझ्या भाषणात आहे.

तुम्हाला माहीतच आहे की आपल्या बॅचने पुढच्या वर्षापासून शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवी-नववीच्या मुलांसाठी एकांकिकेचं बक्षीस ठेवायचं ठरवलंय. पहिल्या वर्षाचा विषयही सगळ्यांनी मिळून निवडला : 'मी मुलगा असते तर, मी मुलगी असतो तर.' विषय ठरला आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर दोन तट पडले. एक तट म्हणाला, धमाल येऊ दे. मुलांना साड्या नेसवा, टोप लावा, लिपस्टिक लावा, मुलींना मिश्या काढा, हॉल डोक्यावर घेतील. दुसरा तट म्हणाला, विषय नाजूक आहे, समोर पालक बसलेले असतात, तेव्हा फार रंगवू नका, नुसतं सुचवा आणि पुढे जा. मी औद्योगिक वसाहतीत लॅबमध्ये नोकरी करते आणि कामगार नाट्य स्पर्धेसाठी कधीमधी एकांकिका लिहिते, एवढ्या भांडवलावर तुम्ही मला म्हणालात, तूच काय ते सांग.

तर सांगते. पुरुषाची बाई झाली किंवा बाईचा पुरुष झाला अशी गोष्ट सांगायची असेल, तर तो बदल एकदाच सांगा, पण ठासून सांगा. मग त्याच्याकडे बोट दाखवणं थांबवा आणि त्याच्यामुळे काय काय बदलतं ते दाखवत राहा. दोन्ही तटांना हे थोडं थोडं पटणार नाही, म्हणून जरा सविस्तर बोलते.

पहिल्यांदा आपल्याच वर्गातली गोष्ट. नववीत बाईंनी आपल्याला हाच निबंध घातला होता, आठवतंय ना? तपासून झाल्यावर त्यांनी काही निबंध वाचून दाखवले. मुलांच्या निबंधांत वेण्या होत्या, लाल रिबिनी होत्या, पावडर होती, बांगड्या होत्या. वर्ग खदखदून हसला. मुलींच्या निबंधांत शर्ट-पॅंटचं नावही नव्हतं. एकीने लिहिलं होतं, मी सावित्रीत पोहले असते. एकीने लिहिलं होतं, दिवेलागणीनंतर एस.टी. स्टँडवर एकटी उभी राहिले असते आणि कुणी विचारलं नसतं, कुणाची गं तू. एकीला रायगडावर मैत्रिणींबरोबर रात्र काढायची होती. म्हणजे एकच विषय, पण मुलांनी दुसरा वेष लिहिला आणि मुलींनी दुसरा दिवस लिहिला.

एकाच मुलाचा निबंध वेगळा होता. तो पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवरून यायचा. त्याने पहिल्या ओळीत लिहिलं होतं की मी मुलगी असतो तर पाचवीतच माझी शाळा सुटली असती, कारण माझ्या ताईची सुटली. पुढचं सगळं पान ताई दिवसभरात काय काय करते त्याचं होतं : पाणी, गुरं, धाकटा भाऊ, भाकऱ्या. त्यात रिबीन नव्हती, हशाही नव्हता. बाईंनी तो वाचला आणि वही मिटून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या पानात आहे, असं मला आज वाटतं. त्याने 'मी मुलगी असतो तर' हे एकदाच म्हटलं. पण ते एक वाक्य काढून टाका, पानातलं काही उरत नाही.

आता धमाल तटाकडे वळते. ते म्हणतील, अगं, आपल्या रंगभूमीवर पुरुष लुगडं नेसतच आलेत, त्यात काय एवढं? बरोबर आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून पुढे कित्येक दशकं आपल्या बहुतेक नाटक मंडळ्यांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत होते. आपल्याकडच्या नमन-खेळ्यांत गौळणी पुरुष आणि मावशीही पुरुष. पण त्या पुरुषाच्या पुरुषपणावर तिथे कुणी विनोद करत नाही. मावशी आणि पेंद्याची जुगलबंदी चालते, हशा त्या बोलण्याला पडतो. गौळण झालेल्या माणसाचं काम चांगलं झालं तर गाव त्याला दाद देतं, आणि दुसऱ्या दिवशी तो आपला शेतावर जातो.

बालगंधर्वांचं तर तुम्हाला सांगायलाच नको. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या भूमिका. प्रतिष्ठित घरांतल्या बायका त्यांच्या साडीची, अंबाड्याची, दागिन्यांची नक्कल करत. रंगमंचावर हा पुरुष आहे असं कुणी एका शब्दानेही सुचवत नसे, कारण तो करार नाटक सुरू होण्याआधीच झालेला असे. 'एकच प्याला'त सिंधू जात्यावर दळायला बसली की प्रेक्षागृह रडायचं ते सिंधूसाठी.

मग काळ बदलला. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' आणलं, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. ती रीत हळूहळू रुळली आणि जुना करार संपला. एकदा खरी बाई रंगमंचावर आली की लुगडं नेसलेला पुरुष हा 'लुगडं नेसलेला पुरुष' दिसू लागतो. १९४७ साली आचार्य अत्र्यांनी 'मोरूची मावशी' आणलं, ते लंडनला १८९२ साली गाजलेल्या 'चार्लीज आंट' या ब्रॅंडन थॉमसच्या प्रहसनावरून. तिथे सगळी गंमतच या गोष्टीवर उभी आहे की ही मावशी नाही हे आपल्याला माहीत आहे आणि समोरच्यांना माहीत नाही. आपल्यातल्या अनेकांनी विजय चव्हाणांची मावशी पाहिली आहे. फेर धरून, फुगडी घालून नाचणारी ती मावशी आठवली तरी हसू येतं. तिथे जोर देणं हेच नाटकाचं इंजिन आहे. जोर काढला तर नाटक बंद पडेल.

म्हणून 'जोर किती' या प्रश्नाला तिन्ही त्रिकाळ एकच उत्तर नाही. गुपित कुणाला माहीत आहे, यावर ते ठरतं. सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असेल, जसं नमनात, तर जोर शून्य. प्रेक्षकाला माहीत आणि पात्रांना नाही, असं असेल, जसं मावशीत, तर जोर भरपूर. पण आपल्या मुलांना दिलेला विषय या दोन्हींत बसत नाही. 'मी मुलगी असतो तर' यात कुणाला फसवायचं नाहीये. तिथे माणूस खरोखरच पलीकडे गेलाय असं धरायचं आहे. मावशीची पट्टी तिथे लावली तर मुलांच्या हातात फक्त टोप आणि पदर उरेल.

फसवणुकीच्या गोष्टीतही नुसत्या साडीवर भागत नाही हे सांगायला आपल्या सगळ्यांचा पाठ असलेला सिनेमा आहे : 'अशी ही बनवाबनवी', १९८८. (इथे मागून दोघातिघांनी संवाद म्हणून दाखवले. ते स्मरणिकेत छापत नाही.) लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती आणि सचिनची सुधा हे आपल्याला आठवतं. पण ते साड्या का नेसतात? पुण्यात राहायला जागा नाही आणि लीलाबाई काळभोर फक्त विवाहितांनाच जागा देतात म्हणून. हे कारण इतकं भक्कम आहे की पुढचा सगळा गोंधळ त्यावर तोलला जातो. बिरवाडीला, नांगलवाडीला वसाहतीत नव्याने कामाला लागलेल्या पोरांना विचारा, 'बॅचलरला खोली नाही' हे वाक्य त्यांनी किती दारांत ऐकलंय. त्यांना हा सिनेमा जरा जास्तच जवळचा वाटतो. साडी ही त्या गोष्टीत डोक्यावरच्या छपराची किंमत आहे. म्हणून ती चालते.

आता दुसरा तट : नुसतं सुचवा. याचंही एक फार मोठं उदाहरण आपल्या भाषेत आहे. सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे', १९७९. थिएटर अकॅडमीच्या प्रयोगात चंद्रकांत काळे बर्वे व्हायचे. संगीत नाटकांत किरकोळ भूमिका केलेला आणि आता उदबत्त्या विकून पोट भरणारा हा माणूस. मनात मात्र तो बालगंधर्वांच्या नायिकेच्या जागी आहे. दोन कारकुनांच्या स्वप्नात त्याचं स्वप्न मिसळतं आणि तो त्यांच्या घरातली बाई होतो. 'अहो, हा तर पुरुष' असं म्हणून कुणी हशा घेत नाही. नाटक त्या स्वप्नावर विश्वास ठेवून चालत राहतं, म्हणूनच शेवटी ते तुटतं तेव्हा आपल्याला लागतं. पण मंडळी, हे आळेकरांना जमलं आणि ते नाटक प्रौढांसाठी आहे. आठवी-नववीच्या मुलांना 'नुसतं सुचवा' सांगितलं तर ते काहीच सुचवणार नाहीत. पालकांना अवघडायला नको म्हणून गोष्ट इतकी पातळ होईल की मुलगी झालेला मुलगा आणि आधीचा मुलगा यांत फरकच राहणार नाही. मग हा विषय दिला कशाला?

जोर द्यायचाच, फक्त तो जागेवर पडला पाहिजे. जागा कुठली, हे मला दोन बायकांनी शिकवलं. पहिली ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२चं. ती गोष्ट नव्हे, निबंध आहे. पण त्यात त्या एक युक्ती करतात, ती आपल्या विषयाचीच आहे. बायको मेली की नवऱ्यानेही दाढी-मिशा काढून रानात का जाऊन राहू नये, असं त्या विचारतात. म्हणजे विधवेला जे करावं लागतं ते उचलून विधुराच्या अंगावर ठेवतात. त्यात पुरुषाला लुगडं नेसवलेलं नाही. नियम नेसवलाय. आणि तो इतका ठासून की आज १४० वर्षांनंतरही वाचताना अंगावर येतो.

दुसऱ्या बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन. १९०५ साली त्यांनी 'सुलतानाज ड्रीम' नावाची छोटी इंग्रजी गोष्ट लिहिली. स्वप्नात एक बाई अशा देशात जाते जिथे पुरुष घरात पडद्याआड आहेत आणि बायका राज्य करतात. भर रस्त्यात एकही पुरुष दिसत नाही म्हणून ती गोंधळते. तिला सांगितलं जातं, ते असायला हवेत तिथेच आहेत. बस, एवढंच. पुढे त्या देशात शेती कशी चालते, स्वयंपाक कसा होतो, लढाई कशी जिंकली, याचीच हकीकत.

याच सुमाराला, १९०७मध्ये, आपल्याकडे खाडिलकरांनी प्रमिलेच्या स्त्रीराज्याची कथा घेऊन 'बायकांचे बंड' हे नाटक लिहिलं. नाटकवाल्यांच्या त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे बंड करणाऱ्या बायकाही पुरुषच! त्या गमतीवर त्या काळी कुणी हसलं असेल असं वाटत नाही. तेव्हाचा करारच तसा होता.

आणि अगदी जुनं पाहायचं तर महाभारत आहे. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला भंगास्वन राजाची गोष्ट सांगतात. शंभर मुलांचा बाप असलेला हा राजा इंद्राच्या मायेने एका सरोवरात न्हातो आणि स्त्री होऊन बाहेर येतो. पुढे तिला शंभर मुलं होतात. इंद्राने भांडणं लावल्यामुळे दोन्हीकडची मुलं मरतात आणि मग इंद्र विचारतो, कुठली जिवंत करू? बाप म्हणून झालेली की आई म्हणून झालेली? ती म्हणते, आई म्हणून झालेली. पुन्हा पुरुष व्हायचं का, याला ती नाही म्हणते. बघा, स्नान हा एका क्षणाचा प्रसंग आहे. सगळा भार त्या 'कुठली जिवंत करू' या प्रश्नावर आहे. बदल मोठा आहे की नाही, हे त्या प्रश्नातून कळतं.

तुम्ही म्हणाल, मग कपड्यांना काही किंमतच नाही का? आहे. आणि ती आपल्या महाडकरांनी तरी विसरू नये. डिसेंबर १९२७मध्ये इथल्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं, त्यानंतर बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना वेगळं भाषण केलं. लुगडं नेसण्याची आणि दागिने घालण्याची जी पद्धत तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखू देते ती सोडा, असं त्यांनी सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी आणि लुगड्याची नेसण, दोन्ही गोष्टी एकाच लढ्यात आल्या. म्हणजे लुगडं ही हसण्यासारखी बाब आपल्या गावात कधीच नव्हती. ते कुणी कसं नेसायचं यावर माणसाचा मान ठरत होता. म्हणून मी म्हणते, रंगमंचावर कपडा आणायचाच तर तो काहीतरी ठरवणारा असू दे. नुसता घसरणारा पदर नको.

आता माझ्या एकांकिकेबद्दल थोडं. बिरवाडीत राहणारं एक जोडपं, नवरा प्लांटवर ऑपरेटर, बायको घरी. एका सकाळी दोघं उठतात तर सगळ्या जगाच्या नजरेत त्यांची अदलाबदल झालेली असते. शरीर तेच, कपडे तेच, फक्त जग त्याला बायको समजतं आणि तिला नवरा. तालमीला पहिल्याच दिवशी नवऱ्याचं काम करणारा आमचा ऑपरेटर, तो खरंच ऑपरेटर आहे, मला म्हणाला, "मॅडम, साडी नाही तर लोकांना कळणार कसं?"

फार चांगला प्रश्न होता. आम्ही त्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी ठरलं की पडदा उघडल्यावर दुसऱ्या मिनिटाला दूधवाला येतो आणि त्याला म्हणतो, "वहिनी, दादा उठले का?" हशा पडतो आणि गोष्ट कळते. पण एक अडचण राहिली. तिसऱ्या प्रवेशापर्यंत तालीम बघणारे आमचेच लोक ते विसरायला लागले. म्हणजे एकदाच सांगून भागत नाही, आठवण द्यावी लागते. मग आम्ही नियम केला की आठवण द्यायची, पण दर वेळी नव्या दारातून. एकदा बॅंकेच्या फॉर्मवरून, एकदा डॉक्टर त्याला विचारतात, "घरात विचारलंत का?" यावरून, एकदा शिफ्टच्या यादीवरून.

शिफ्टची यादी हे दार मला कारखान्यानेच दिलं. १९४८च्या कारखाने कायद्याच्या ६६व्या कलमाने बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात कामाला लावायला मनाई होती. पुढे आपल्या राज्याने अटी घालून ती सैल केली. वसाहतीत वाढलेल्या आपल्या पिढीला 'नाइट' म्हणजे पुरुषांची, हे सांगावंच लागत नाही. एकांकिकेत बायको नाइटला निघते, डबा घेऊन, कुणाचीही परवानगी न विचारता. नवरा रात्री नऊला औषध आणायला स्टँडवर जातो आणि परत येताना पिशवी छातीशी धरून चालायला लागतो. त्याला तसं कुणी शिकवलेलं नसतं. प्रयोगात इथे हॉल शांत झाला. साडी नव्हती, टोप नव्हता, पण समोरच्या बायकांना ती पिशवी ओळखीची होती. आम्हाला बक्षीस मिळालं नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही विचारणारच.

आता एक जरा अवघड गोष्ट. ज्याची आहे त्याची परवानगी घेतली आहे. तो इथेच बसलाय, पण त्याच्याकडे वळून बघू नका. आठवीच्या संमेलनात त्याने बाईचं काम केलं होतं. उत्तम केलं होतं. आवाज गोड, पाठांतर चोख. पण त्याच्या कामात लिहिणाऱ्याने दुसरं काही ठेवलंच नव्हतं. दर दोन वाक्यांनी कुणीतरी त्याच्या पदराला, चालीला, छातीला हात घालून हशा घ्यायचं. त्यानंतर दहावीपर्यंत त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारली गेली. कुणी मारली, ते आपण सगळे जाणतो. तो पुन्हा रंगमंचावर चढला नाही. परवा फोनवर तो मला म्हणाला, "काम करताना काहीच वाटलं नव्हतं गं. दुसऱ्या दिवशी हजेरीला वाटलं."

मंडळी, प्रौढ नटाला प्रयोगानंतर घरी जाता येतं. शाळेतल्या मुलाला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसायचं असतं. नमनातल्या गौळणीला गाव दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊ देतं, कारण गावाने तिच्या आतल्या माणसाला हसण्याचा विषय केलेलं नसतं. आपल्या संमेलनात आपण तेच केलं. म्हणून किती जोर द्यायचा हा प्रश्न मला नुसता नाट्यलेखनाचा वाटत नाही. जोर जितका त्या मुलाच्या अंगावर, तितकी त्याची हजेरी अवघड. जोर जितका गोष्टीतल्या जगावर, तितका तो मोकळा.

म्हणून स्पर्धेसाठी माझ्या चार सूचना आहेत. समितीने बघाव्यात.

एक. बदल पहिल्या दोन मिनिटांत, स्पष्ट शब्दांत कळला पाहिजे. कोड्यात बोलू नये. लाजूही नये.

दोन. कपड्यावर एक हशा घ्यायला हरकत नाही, तो पडणारच. दुसऱ्यांदा तोच घेतला तर परीक्षकांनी गुण कापावेत.

तीन. प्रत्येक प्रवेशाला मुलांनी स्वतःच दोन प्रश्न विचारावेत. हा बदल झालाच नसता तरी हा प्रवेश असाच घडला असता का? असाच घडला असता तर गोष्ट फार फिकी आहे. आणि साडी, टोप, मिशी काढून ठेवली तर या प्रवेशात काही उरतं का? काही उरत नसेल तर गोष्ट फार भडक आहे. दोन्ही प्रश्नांतून पार झाला तो प्रवेश ठेवावा.

चार. प्रत्येक एकांकिकेत मुलाने मुलगी व्हावं तसं मुलीनेही मुलगा व्हावं, आणि तिलाही तेवढंच काम असावं. नववीतल्या त्या निबंधांत ज्यांना सावित्रीत पोहायचं होतं, रायगडावर रात्र काढायची होती, त्यांच्याकडे सांगण्यासारखं जास्त होतं. त्यांना मिश्या काढून कोपऱ्यात उभं करू नका.

आणि एक विनंती आजच्या शिक्षकांना. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना, ज्यांनी कामं केली त्यांची खरी नावं जरा मोठ्याने घ्या. बाकीचं मुलं आपोआप शिकतील.

बाई, तुम्ही निबंधाखाली लाल शाईने 'विस्तार आवरा' असं लिहायचात. आजही लिहाल, म्हणून इथेच थांबते.